दुसरी जागा कुठून येते? प्राध्यापक जोडप्यांसाठी सविस्तर उत्तर

तुमचे प्रश्न तीन आहेत. नवरा-बायको दोघांनाही अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठात टेन्युअर ट्रॅक जागा (काही वर्षांनी कामाची पारख होऊन कायम होणाऱ्या जागा) खरंच मिळतात का? जोडीदाराचा विषय नेमका कधी काढायचा? आणि यापेक्षा भारतात परतणं सोपं पडेल का? तुम्ही परिसंस्थाशास्त्रात आहात, नवरा मटेरियल्स इंजिनिअरिंगमध्ये आणि दोघांचेही पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची कामं) पुढच्या उन्हाळ्यात संपतायत. म्हणजे येता अर्जांचा हंगाम तुमचा आहे. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात बरीच वर्षं शिकवते, मध्यंतरी विभागप्रमुखही होते. अशा नेमणुकांच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. कधी आमच्या उमेदवाराच्या जोडीदारासाठी दुसऱ्या विभागाचं दार ठोठावलं, कधी दुसऱ्या विभागानं आमचं ठोठावलं. त्या अनुभवावरून लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: मिळतात. स्टॅनफर्डच्या क्लेमन संस्थेनं २००८ साली १३ आघाडीच्या संशोधन विद्यापीठांतल्या सुमारे ९,००० प्राध्यापकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ३६ टक्के प्राध्यापकांचा जोडीदारही विद्यापीठीय क्षेत्रातलाच होता. जोडीनं झालेल्या नेमणुकांचं प्रमाण १९७० च्या दशकात ३ टक्के होतं, ते २००० च्या दशकात १३ टक्क्यांवर गेलं. तेव्हा तुमची अडचण ऐकून कुणी विभागप्रमुख दचकणार नाही. कित्येकदा तो स्वतः त्यातूनच गेलेला असतो.

मात्र दुसरी जागा, म्हणजे जोडीदाराची, कुणाच्या हातात असते, हे आधी नीट समजून घ्या. हुशार जोडपीसुद्धा इथेच गोंधळतात. समजा, ऑफर तुम्हाला आली. जीवशास्त्राच्या विभागप्रमुखाला तुम्ही हव्या आहात. त्यानं महिनोन्महिने खपून तुमचं नाव वर आणलंय. पण मटेरियल्स इंजिनिअरिंगमधली जागा देणं त्याच्या अधिकारात नाही. तो आपल्या डीनला (विद्याशाखेच्या प्रमुखाला) सांगतो, तो डीन इंजिनिअरिंगच्या डीनशी बोलतो आणि तिथून तुमच्या नवऱ्याचा सीव्ही मटेरियल्सच्या प्रमुखाकडे पोचतो. त्या विभागानं त्या वर्षी जाहिरात दिलेलीच नसते. दिली असली तर ती बहुधा वेगळ्याच शाखेसाठी असते. आणि आता त्यांनी आठ-दहा दिवसांत ठरवायचं असतं, की या माणसाला बोलवावं का, त्याचं व्याख्यान ऐकावं का आणि पुढची तीस वर्षं शेजारच्या खोलीत तो चालेल का. तिथे प्राध्यापकांचं मतदान होतं. तुमची गुणवत्ता त्या खोलीत कुणालाही माहीत नसते. त्यांच्यासमोर असतो तो फक्त नवऱ्याचा कागद.

पैशाचं गणितही याच वेळी मांडलं जातं. पुष्कळ विद्यापीठांत पगाराचे तीन वाटे होतात: एक तृतीयांश पहिला विभाग, एक तृतीयांश दुसरा विभाग आणि उरलेला तृतीयांश प्रोव्होस्टचं (विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाचं) कार्यालय. ही व्यवस्था ठरावीक वर्षांपुरती, बहुधा तीनेक वर्षांची असते. पुढे सगळा पगार दुसऱ्या विभागाच्या अंगावर येतो. विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक हे पक्कं ओळखून असतात. म्हणून बैठकीत हमखास येणारा आक्षेप असा असतो: ‘आज आपण यांना घेतलं, तर दोन वर्षांनी अमुक निवृत्त होतील तेव्हा ती जागा आपल्याला परत मिळेल का?’ हा आक्षेप तुमच्या नवऱ्याविरुद्ध नसतो, पण त्याचा निकाल त्यावरच ठरतो. जिथे डीन ‘ही जागा तुमच्या पुढच्या जागेतून वजा होणार नाही’ असं लेखी देतो, तिथे विरोध मावळताना मी पाहिला आहे. तुम्ही हे मागू शकत नाही, पण तुमचा विभागप्रमुख मागू शकतो. त्याला ते सुचवायला हरकत नाही.

यातून तुमच्या दोघांसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम निघतं. दुसऱ्याची फाइल पहिल्याच्या फाइलइतकीच तयार ठेवा आणि ती ऑफर येण्याआधी तयार हवी. सीव्ही, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन, तीन-चार शिफारसपत्रं. पत्रं देणाऱ्यांना आधीच कल्पना द्या, की फेब्रुवारीत कधीतरी दोन दिवसांच्या मुदतीत मागणी येईल. त्याखेरीज प्रत्येक विद्यापीठासाठी एक पान वेगळं लिहा. त्या विभागात आज कोणते विषय शिकवायला माणूस कमी आहे, तिथल्या कोणत्या दोन-तीन प्राध्यापकांच्या कामाशी त्याचं काम जुळतं, तिथल्या सामायिक उपकरणांपैकी कोणती तो पहिल्या दिवसापासून वापरेल. हे पान मतदानाच्या बैठकीत फार उपयोगी पडतं. आपल्या बाजूनं बोलणाऱ्याच्या हातात सांगण्यासारखं काहीतरी लागतं आणि ते त्याला स्वतः शोधायला लावू नये.

स्टार्टअपचा, म्हणजे प्रयोगशाळा उभारायला विद्यापीठाकडे मागायच्या पैशाचा, आकडाही तयार ठेवा. प्रयोगशाळा उभारणाऱ्या मटेरियल्सच्या माणसाला काही लाख डॉलर सहज लागतात आणि ऐन वेळी दुसऱ्या विभागाकडे ते नसतात. नवऱ्यानं दोन याद्या कराव्यात: आदर्श काय आणि ज्याच्याशिवाय काम सुरूच होणार नाही ते काय. दुसरी यादी प्रामाणिक हवी. ती फुगवली, तर नेमणूक पैशावर अडते. फार आखडली, तर पहिली तीन वर्षं हात बांधलेले राहतात आणि टेन्युअरच्या वेळी ते भोवतं.

आता एक गोष्ट, जिच्यावर जोडपी पुरेसा विचार करत नाहीत: पुढे कुणी व्हायचं, म्हणजे मुख्य ऑफर कुणाची धरायची? सर्वसाधारण समज असा, की ज्याचा सीव्ही भारी त्यानं पुढे व्हावं. माझं मत वेगळं आहे. ज्याच्या विषयात जागा दुर्मीळ, त्यानं पुढे व्हावं आणि ज्याला जास्त विभागांत सामावून घेता येईल, त्यानं मागून यावं. परिसंस्थाशास्त्राच्या जागा वर्षाला मोजक्या निघतात आणि ती जागा दुसऱ्या कुठल्या विभागातून निर्माण होणं अवघड. मटेरियल्सवाल्याला मात्र मटेरियल्स, मेकॅनिकल, केमिकल, रसायनशास्त्र, कधी भौतिकशास्त्र अशी चार-पाच दारं असतात. हे विभाग मोठे असतात आणि त्यांच्याकडे जागांची हालचालही जास्त असते. तुमच्या बाबतीत जोडीची नेमणूक तुमच्या ऑफरवरून होण्याची शक्यता मला अधिक दिसते. तरी दोघांनीही आपापले अर्ज पूर्ण ताकदीनं करावेत. एकाच विद्यापीठात दोघांच्याही विषयाची जाहिरात असेल, तर दोघांनी स्वतंत्र अर्ज केलेच पाहिजेत.

पुढे कुणी व्हायचं हे घरात न बोलता ठरून जातं, म्हणूनही मी यावर जोर देते. क्लेमनच्या त्याच पाहणीत विद्यापीठीय जोडप्यांतल्या निम्म्या पुरुषांनी ‘माझं करिअर आधी’ असं सांगितलं. स्त्रियांत हे प्रमाण २० टक्के होतं. स्त्रियांनी बाहेरची ऑफर नाकारण्याचं पहिलं कारण जोडीदाराला तिथे काम न मिळणं हे होतं. आपल्याकडची उदाहरणं आठवा. मंगला नारळीकर गणितात सुवर्णपदक मिळवून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होत्या. लग्नानंतर केंब्रिज, मग परत मुंबई. पीएच.डी. झाली ती १९८१ साली, लग्नाला दीड दशक उलटल्यावर. त्यांनी पुढे जे काम केलं, ते आपण सगळे जाणतो. पण दुसऱ्याच्या बदलीमागे स्वतःचं वेळापत्रक बसवणं म्हणजे काय, हे या तारखांतून दिसतं.

आता दुसरा प्रश्न, सांगायचं कधी? अर्जात नाही. झूमवरच्या पहिल्या मुलाखतीत नाही. कॅम्पस व्हिजिटच्या (विद्यापीठात बोलावून होणाऱ्या मुलाखतीच्या) दोन दिवसांत स्वतःहून विषय काढायची गरज नाही. तुमच्या वैवाहिक स्थितीबद्दल समितीनं विचारू नये, हा तिथला नियम आहे. कित्येक राज्यांत तसा कायदाच आहे. तरीही जेवणाच्या टेबलावर एखादा सहजपणे विचारतो, ‘इथे यायला घरचे तयार आहेत ना?’ अशा वेळी ‘हो, आम्हाला हा भाग आवडलाय’ एवढंच उत्तर पुरेसं असतं. मी सावध राहायला सांगते त्याला आधार आहे. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी निवड समित्यांच्या बैठका प्रत्यक्ष बसून अभ्यासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले: स्त्री उमेदवारांच्या जोडीदाराबद्दल समित्या चर्चा करत होत्या, ‘नवऱ्याची चांगली नोकरी आहे, ती कशाला येईल’ असं धरून नावं मागे पडत होती. पुरुष उमेदवारांच्या बायकांबद्दल तशी चर्चा जवळजवळ होत नव्हती. त्यामुळे नवऱ्यानं व्हिजिटमध्ये तुमचा उल्लेख केला तर त्याला फारसा तोटा नाही. तुम्ही केलात तर तो होऊ शकतो. हे अन्यायाचं आहे आणि मी समित्यांवर असताना प्रत्येक वेळी तसं बोलून दाखवते. पण उमेदवार म्हणून तुम्हाला आजच्या परिस्थितीत वागायचं आहे.

दोन अपवाद आहेत. दोघांनी एकाच विद्यापीठाच्या दोन जाहिरातींना अर्ज केले असतील आणि एकाला कॅम्पसवर बोलावणं आलं, तर तेव्हाच सांगावं. दुसरी फाइल तिथे आधीच पडलेली असते, ती कुणीतरी उघडून बघितली पाहिजे. दुसरा अपवाद म्हणजे, नवऱ्याला दुसरीकडे ऑफर आली असून तिची मुदत संपत आली असेल, तर तुमच्याकडच्या विभागप्रमुखाला ती तारीख कळायलाच हवी.

एरवी सांगण्याची वेळ एकच: विभागप्रमुखाचा ‘आम्ही तुम्हाला निवडलंय’ असा फोन येतो, तो फोन. पगार आणि प्रयोगशाळेच्या बोलण्यांनंतर, आठवडाभरानं नव्हे. त्या एका आठवड्यात दुसऱ्या विभागाची बैठक होऊन गेलेली असते. बोलायचं एवढंच: ‘फार आनंद झाला, मला यायला आवडेल. माझा नवरा मटेरियल्समधला संशोधक आहे आणि त्यालाही इथे प्राध्यापकपद मिळालं तर आमचा निर्णय सोपा होईल. त्याची कागदपत्रं तयार आहेत, आजच पाठवू का?’ अजिजी नको, धमकी तर नकोच. ‘त्याला जागा नसेल तर मी येणार नाही’ हे वाक्य खरं असेल तरच बोलायचं आणि तेही शेवटी. विभागप्रमुखाला या क्षणी तुम्ही हव्या असतात. डीनकडे भांडायला त्याला तुमचा उत्साह लागतो, अट नव्हे.

उत्तर द्यायला बहुधा दोन आठवडे मिळतात. जोडीची नेमणूक तेवढ्यात होत नाही, त्यामुळे मुदत वाढवून मागा. दुसऱ्या विभागाची बोलणी चालू असताना ती सहसा मिळते. नवऱ्याला व्याख्यानासाठी बोलावलं, तर तो जॉब टॉक खराखुरा समजून द्यावा. ‘जागा तर ठरलेलीच आहे’ अशा समजुतीनं ढिलं भाषण देऊन नेमणूक हातची गेलेली मी पाहिली आहे. आणि दोन्ही ऑफर लेटरं हातात आल्याशिवाय एकावरही सही करू नका. ‘तुम्ही या, वर्षभरात त्यांचं काहीतरी करू’ हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा मनापासूनच सांगत असतो. पण डीन बदलतात, अंदाजपत्रकं कापली जातात. २०२५ च्या वसंतात संशोधन निधीच्या कपातीनंतर हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, कॉर्नेल यांच्यासारख्या श्रीमंत विद्यापीठांनीही नवी भरती थांबवली. अशा वेळी जोडीच्या नेमणुकांसाठी राखलेल्या पैशाला कात्री लागते आणि तोंडी आश्वासनाला कुणी वाली उरत नाही.

दुसऱ्याला दिली जाणारी जागा कोणत्या प्रतीची आहे, इथे मी जरा थांबणार आहे, कारण या प्रश्नाचा इतिहास फार वेदनेचा आहे. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत पूर्वी नात्यातल्या दोघांना नोकरी न देण्याचे नियम होते आणि त्यांचा फटका जवळजवळ नेहमी बायकोला बसे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं १९३१ साली जैवरसायनशास्त्रज्ञ कार्ल कोरींना विभागप्रमुख म्हणून बोलावलं. त्यांच्या पत्नी गर्टी कोरी त्यांच्या संशोधनात बरोबरीच्या भागीदार होत्या, पण त्यांना संशोधन सहयोगीची जागा मिळाली, पगार नवऱ्याच्या कितीतरी खाली. त्याआधी दुसऱ्या एका विद्यापीठानं कार्लना जागा देऊ केली होती, ती बायकोबरोबर काम करणं थांबवण्याच्या अटीवर. गर्टी पूर्ण प्राध्यापक झाल्या १९४७ साली, दोघांना नोबेल मिळालं त्याच वर्षी. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी नवऱ्याच्या नोकरीमागे जॉन्स हॉपकिन्स, कोलंबिया, शिकागो असा प्रवास केला, बहुतेक काळ विनापगार किंवा नावापुरत्या पदावर. अणुगर्भाच्या कवच-रचनेचं त्यांचं काम त्याच काळातलं. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद मिळालं १९६० साली सॅन दिएगोत आणि तीन वर्षांनी नोबेल. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेनं १९७१ साली हे नियम रद्द करावेत असं जाहीर निवेदन केलं आणि पुढच्या वर्षांत ते उठत गेले.

नियम गेले, पण ‘दुसऱ्याला काहीतरी देऊ’ ही वृत्ती पुरती गेलेली नाही. आज ते ‘काहीतरी’ बहुधा दोन रूपांत येतं. एक, अध्यापनाची कराराची जागा: लेक्चरर किंवा टीचिंग प्रोफेसर. शिकवण्याची मनापासून ओढ असेल, करार तीन-पाच वर्षांचा आणि बढतीचा मार्ग स्पष्ट असेल, तर ही चांगली नोकरी आहे. त्यात कमीपणा मानू नका. पण ज्याला प्रयोगशाळा चालवायची आहे, त्यानं ‘आत तर शिरू, मग बघू’ म्हणून ती घेऊ नये. वर्षाला सहा कोर्स शिकवून संशोधन मागे पडतं आणि मग आतूनही टेन्युअर ट्रॅकवर कुणी घेत नाही. दुसरं रूप म्हणजे रिसर्च असिस्टंट प्रोफेसर. नाव भारदस्त, पण पगार स्वतः आणलेल्या अनुदानातून. अशी जागा आली तर विचारा: किती वर्षांचा पगार विद्यापीठ देणार? स्वतःच्या नावावर अनुदानाचा अर्ज करता येईल का? जागा आणि विद्यार्थी मिळतील का? टेन्युअर ट्रॅकसाठी कधी आणि कोणत्या निकषांवर विचार होईल? उत्तरं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. ती लिहायला विभाग तयार नसेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

विद्यापीठ कुठे आहे यावरही बरंच अवलंबून असतं. पर्ड्यू, पेन स्टेट, कॉर्नेल, आयोवा स्टेट, व्हर्जिनिया टेक, इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन ही विद्यापीठं लहान गावांत आहेत. तिथे जोडीदाराला दुसरी नोकरी शोधायला गावात दुसरं काही फारसं नसतंच, त्यामुळे अशा ठिकाणी जोडीच्या नेमणुकांकडे जास्त गांभीर्यानं पाहिलं जातं आणि कित्येकांकडे त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम असतात. बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, नॉर्थ कॅरोलिनाचा रिसर्च ट्रँगल इथे विद्यापीठ दुसरी जागा द्यायला तितकं उत्सुक नसतं, पण शहरात पर्याय खूप. ‘एकच विद्यापीठ’ हा हट्ट ‘एकच शहर’ इथवर सैल केला, तर पुष्कळ गाठी सुटतात. आपल्याला हे नवं नाही. इरावती कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या आणि दिनकर कर्वे फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत, दोघं एकाच पुण्यात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. त्या कोलकात्याच्या सामाजिक शास्त्रांच्या अभ्यास केंद्रात आणि वडील दीपक बॅनर्जी प्रेसिडेन्सी कॉलेजात, दोघंही अर्थशास्त्राचेच प्राध्यापक. आणि अभिजित व त्यांच्या पत्नी एस्तेर दुफ्लो यांनी तर एमआयटीच्या एकाच विभागात काम केलं आणि २०१९ चं नोबेल मिळवलं.

व्हिसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भारतीय जोडप्यांना याची झळ बसते, म्हणून लिहिते. विद्यापीठांना एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्याचं बंधन नाही, ही जमेची बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं गेलं. तुम्ही अमेरिकेतच असाल, तर देश सोडण्याआधी विद्यापीठाच्या इमिग्रेशन कार्यालयाशी बोला. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट ग्रीन कार्डाची आहे. प्राध्यापकांच्या श्रम-प्रमाणपत्राला (या जागेसाठी योग्य अमेरिकी उमेदवार नाही, अशा सरकारी दाखल्याला) एक सवलत आहे. जागा जाहिरात देऊन, खुल्या स्पर्धेतून भरलेली असेल आणि निवडीपासून १८ महिन्यांत अर्ज केला, तर ‘आम्ही निवडलेला उमेदवार सर्वाधिक पात्र होता’ एवढं विद्यापीठानं दाखवणं पुरतं. जोडीदाराची नेमणूक मात्र बहुतेक वेळा जाहिरातीला फाटा देऊन होते, त्यामुळे त्या जागेवर ही सवलत लागू होत नाही. म्हणून ग्रीन कार्डाची प्रक्रिया स्पर्धेतून नेमल्या गेलेल्या व्यक्तीच्या नावानं सुरू करावी, दुसरा अवलंबित म्हणून त्यात येतो. मागून आलेल्याचं संशोधन भक्कम असेल, तर उत्कृष्ट संशोधकांचा वर्ग आहे, त्याला श्रम-प्रमाणपत्र लागत नाही. ऑफरच्या बोलण्यांतच हे विचारा. अठरा महिने पहिल्या वर्षाच्या धावपळीत कधी निघून जातात, कळत नाही.

आता भारत. तिथे ‘तिला घेतलंय, तर त्यालाही घ्या’ ही व्यवस्था सरकारी संस्थांत नाही. प्रत्येकाची निवड स्वतंत्र जाहिरातीतून आणि स्वतंत्र निवड समितीकडून व्हावी लागते, आरक्षणाचं वेळापत्रक पाळावं लागतं. विभागप्रमुख कितीही अनुकूल असला तरी तो जागा निर्माण करू शकत नाही. नवरा-बायकोला एकाच ठिकाणी नेमण्याबद्दलची केंद्राची जी परिपत्रकं लोक दाखवतात, ती बदलीच्या नोकऱ्यांसाठी आहेत, नव्या भरतीसाठी नव्हेत. उलट एकाच विभागात किंवा प्रयोगशाळेत पती-पत्नी नकोत असा लिखित-अलिखित दंडक पुष्कळ ठिकाणी होता. तो काढावा असं २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात मांडलं गेलं. मसुद्याला हे लिहावं लागलं, यावरूनच अडचण किती खोल होती ते दिसतं. चांगली बाजू अशी, की आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांच्या प्राध्यापक भरतीच्या जाहिराती बहुधा वर्षभर खुल्या असतात, त्यामुळे दोघांनी एकाच वेळी अर्ज करणं शक्य आहे. मुलाखतीच्या वेळी जोडीदाराचा अर्ज आहे हे डीनला सांगितल्यानं तुमचं नुकसान होत नाही. दोन्ही विभागांच्या समित्या एकाच सुमाराला लागाव्यात, एवढी मदत तो करू शकतो.

तुमच्या दोन विषयांसाठी मी बंगळुरूचं नाव आधी घेईन: भारतीय विज्ञान संस्था, एनसीबीएस (जीवविज्ञान केंद्र), जवाहरलाल नेहरू केंद्र, परिसंस्थांवर काम करणारी एट्री. मग पुणे: आयसर, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आघारकर संस्था. एकाला कायम जागा आणि दुसऱ्याला त्याच शहरात पाच वर्षांची फेलोशिप हा मार्ग अनेकांनी घेतला आहे. इन्स्पायर फॅकल्टी, रामानुजन, आणि जीवशास्त्रासाठी रामलिंगस्वामी या तिन्ही पाच वर्षांच्या आहेत. रामानुजन आणि रामलिंगस्वामी परदेशात काम करणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून परत येण्याआधीच अर्ज करा. फेलोशिपच्या चौथ्या वर्षापर्यंत यजमान संस्थेत किंवा शेजारच्या संस्थेत मुलाखत झालेली असावी, असं ध्येय ठेवा. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांच्या भरवशावर मात्र दुसरी नोकरी धरू नका. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांचे हाल तुम्हाला ठाऊक असतील. खासगी विद्यापीठं मात्र लवकर निर्णय घेतात, तिथे दोघांबद्दल एकत्र बोलणी होऊ शकतात. एक बारीकशी गोष्ट: दोघं सरकारी संस्थांत एकाच शहरात असलात आणि एकाला क्वार्टर मिळालं, तर दुसऱ्याचा घरभाडे भत्ता जातो. पगाराचा हिशेब करताना तो धरा.

दोघं एकाच विद्यापीठात रुजू झालात, की पहिल्या वर्षापासून काही शिस्त पाळा. एकमेकांच्या नेमणुकीच्या, बढतीच्या, पगाराच्या कुठल्याही बैठकीत बसू नका. एकत्र शोधनिबंध लिहायचे असतील तर लिहा, पण टेन्युअरपर्यंत मागून आलेल्याचं स्वतंत्र काम ठळक दिसलं पाहिजे. ‘हे कुणाचं’ हा प्रश्न समितीत येतो आणि तो बहुधा मागून आलेल्याबद्दलच येतो. विभागाच्या बैठकीत एकमेकांच्या वतीनं बोलू नका. नवऱ्याला निरोप द्यायला तुमच्याकडे कुणी आलं, तर ‘त्यालाच लिहा’ म्हणून सांगा.

आणि या हंगामात दोन जागा एकत्र जमल्याच नाहीत तर? हंगाम सुरू होण्याआधी दोघांनी वेगवेगळं बसून लिहून काढा: किती वर्षं वेगळ्या शहरांत राहणं चालेल, किती अंतर चालेल, मूल हवं असेल तर कधी, संशोधन सोडून उद्योगात जायची तयारी कुणाची आणि कधी. मग कागद समोरासमोर ठेवा. मटेरियल्सवाल्याला उद्योगात मानाचं काम मिळतं, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. पण तो निर्णय त्याचा असावा, परिस्थितीनं ढकललेला नको. एकानं जागा घेतली आणि दुसरा पोस्टडॉकमध्येच राहिला, तरी दार कायमचं बंद होत नाही. तीन-चार वर्षांनी, तुमची अनुदानं आली, विद्यार्थी तयार झाले, की दुसऱ्या विद्यापीठाच्या जाहिरातीला अर्ज करा. तिथून दोघांसाठी ऑफर आली, तर तुमचं विद्यापीठ तुम्हाला टिकवण्यासाठी त्याच डीनकडून तीच जागा उभी करतं, जी पहिल्या वेळी ‘शक्य नाही’ होती. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जोडप्यांना दुसरी जागा याच मार्गानं मिळाली आहे. त्यासाठी दुसऱ्यानं त्या मधल्या वर्षांत स्वतःच्या नावानं शोधनिबंध लिहीत राहायला हवं, परिषदांना जायला हवं, अनुदानाचे अर्ज करायला हवेत. त्या वर्षांत घरातला वेळ आणि पैसा त्याच्या किंवा तिच्या कामाला आधी द्या.